वॉपिंगचा 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' खरंच १५२०चा आहे का?

पडवीतला
राम राम मंडळी. सांगलीहून मावसभाऊ आलाय. बिग बेन, लंडन आय सगळं उरकलं. रविवारी म्हटलं, चल, गर्दी नसलेलं लंडन दाखवतो. टॉवर ब्रिजपासून नदीच्या उत्तर काठाने पूर्वेकडे चालत सुटलो. वॉपिंगला दोन्ही बाजूंना जुनी विटांची गोदामं, आता सगळ्यांचे महागडे फ्लॅट झालेत. नदी उजव्या हाताला आहे हे माहीत असतं, वासही येतो, पण दिसत मात्र नाही. अर्ध्या-पाऊण तासाने वॉपिंग वॉल नावाच्या रस्त्यावर हा पब लागला.

पाटी म्हणते १५२०. भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे पानिपतात बाबर आला त्याच्याही आधी सहा वर्षं. महाराजांचा जन्म तर अजून एकशे दहा वर्षं लांब!" झालं, आत गेलोच.

रस्त्याकडून पाहिलं तर उंच गोदामांच्या शेजारी दबून बसलेलं घर. आत पाऊल टाकलं की दगडी फरशा, आणि काउंटरपुढच्या फरशा आपल्या वाड्याच्या पायऱ्यांसारख्या मधे झिजून खोलगट झालेल्या. काउंटर लाकडी पिंपांवर टेकवलेला, वर करड्या रंगाचा धातूचा पत्रा, पोचे पडलेला, हात ठेवला की गार. आणि मग मागच्या बाजूला गेलात की एकदम अख्खी टेम्स समोर. खिडक्या, सज्जा, गच्ची, सगळं पाण्याकडे. बाहेर चिखलात एक फाशीचा खांब, त्याला लोंबणारा दोर.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं, यातलं १५२०चं काय? तो हसून म्हणाला, फरशी. तीही चारशे वर्षांची असं म्हणतात. आता मला गणित सांगा, पब पाचशे वर्षांचा आणि त्यातली सगळ्यात जुनी वस्तू चारशे वर्षांची?

दोन प्रश्न. हा पब खरा किती जुना? आणि तो रस्त्याकडे पाठ करून का बसलाय?

खवचट_खविस
आमच्या पेठेत एका दुकानावर 'स्थापना १९३५' लिहिलंय. दुकान उघडून तीन वर्षं झाली. विचारलं तर म्हणाले, आजोबांचा जन्म १९३५चा.

बाय द वे, नदीपलीकडचा 'मेफ्लॉवर'ही टेम्सवरचा सर्वांत जुना म्हणवतो. तुम्ही ज्याच्यावरून चालत गेलात तो 'टाउन ऑफ रॅम्सगेट'ही जुनेपणात मागे नाही. एका गल्लीत तीन 'मूळ व अस्सल' खानावळी असतात तसा प्रकार आहे.

चकलीचा_साचा
फोटो कुठायत?? आणि खाल्लं काय ते लिहिलंच नाही. धागा अपूर्ण.

गवंडीदादा
पडवीतला, चांगला विषय काढलात. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत वीस वर्षं घालवली आहेत (आधी पुण्यात, आता इकडे), म्हणून जरा लांबण लावतो.

१५२० हे त्या जागेवर दारू विकली जाण्याचं वय म्हणून सांगतात. समोर आहे ते घर त्या काळचं नाही. जुन्या पबला मोठी आग लागली होती, त्यानंतर नव्याने बांधकाम झालं. रस्त्याकडची दर्शनी भिंत साधारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आतलं लाकूडकाम पुष्कळसं विसाव्या शतकातलं. विसाव्या शतकात इथल्या बिअर कंपन्यांना 'जुनं दिसण्याचं' वेड लागलं होतं. काळ्या तुळया, पांढरा गिलावा, ठोकून मुद्दाम खडबडीत केलेलं लाकूड. या शैलीला चेष्टेने 'ब्रूअर्स ट्यूडर' म्हणतात. त्यामुळे पबात काळीभोर तुळई दिसली की आधी तिला टिचकी मारून बघावी.

फरशीचं म्हणाल तर ती टिकली यात मला नवल वाटत नाही. आगीत लाकूड जातं, छत जातं, दगड जमिनीवरच असतो. मलबा उचलला, झाडलं, वर नवीन घर उभं केलं.

लंडनमध्ये जुन्या घराचं वय काढायचं असेल तर पाटी वाचू नका, खिडक्या बघा. इथल्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेटी असते, त्यात दोरीला टांगलेली वजनं. १६६६च्या लंडनच्या मोठ्या आगीनंतर लोकांनी भिंतीबाहेरच्या लाकडाचा धसका घेतला. १७०९च्या कायद्याने सांगितलं, चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घ्या. १७७४च्या कायद्याने सांगितलं, ती पेटीही विटांच्या मागे लपवा. म्हणून चौकट भिंतीशी सपाट असेल तर घर जुनं, आत गेली असेल तर नंतरचं, आणि लाकडाची नुसती बारीक कड दिसत असेल तर त्याहून नंतरचं. १७०९चा कायदा लंडन शहर आणि वेस्टमिन्स्टरपुरताच होता, त्यामुळे वॉपिंगसारख्या बाहेरच्या भागात हा नुसता अंदाज समजावा. शिवाय खिडक्या बदलतातही. पण पाटीपेक्षा खिडकी कमी खोटं बोलते.

खवचट_खविस
> पाटीपेक्षा खिडकी कमी खोटं बोलते

दादा, हे वाक्य ढापतोय. __/\__

अर्धा_कप
मला एक कळत नाही, दारूच्या गुत्त्याला 'ऐतिहासिक वास्तू' म्हणून एवढं कौतुक कशासाठी? आपल्याकडे पडके किल्ले आहेत, बारवा आहेत, त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. हलके घ्या, पण मनापासून विचारतेय.

रीडिंगकर
अर्धा_कपताई, इथे पब म्हणजे नुसता गुत्ता नाही हो. आमच्या गल्लीतल्या पबात सकाळी बाळांना घेऊन आया बसतात, बुधवारी विणकामाचा गट, आणि एक आजोबा रोज एकच अर्धा पाइंट दोन तास पुरवतात. कुत्री तर हक्काने. आपल्याकडे पाराखाली जे चालतं ते इथे पावसामुळे छताखाली चालतं एवढंच.

काजूबी
आमच्या गोंयात तावेर्न असते तसंच की. दोन बाकडी, एक फडताळ, मालकीण काउंटरमागे, आणि बाहेर सोप्यावर बसून गावभरच्या चौकश्या. तिला कुणी गुत्ता म्हटलेलं आवडत नाही. :)

सांगलीची_मिरची
महाराष्ट्रातल्या परमिट रूमला खिडकीच नसते, असली तर तिच्यावर काळी काच. १९४९चा दारूबंदी कायदा, परवाना असेल तरच प्या, तेही कुणाला न दिसता. खोलीचं नावही त्याच परवान्यावरून पडलं. त्यामुळे पिणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधार, लाल बल्ब आणि चकणा येतो. आणि हा पब आख्खा खिडक्यांचा. वास्तू बघून कळतं की समाजाला कशाची लाज वाटते.

पडवीतला, तुमचा भाऊ सांगलीत कुठला?

पडवीतला
मिरचीताई, गावभागातला. :) तो बाजूलाच बसून धागा वाचतोय.

चकलीचा_साचा, मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी. भावाने बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढून त्यावर भुरभुरवली. शेजारच्या टेबलावरचे बघत राहिले.

चकलीचा_साचा
आता धागा पूर्ण झाला.

दर्यावर्दी
दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

पब रस्त्याकडे पाठ करून बसलेला नाही. रस्ता त्याच्या पाठीमागे आहे. नदी हाच रस्ता होता. १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल झाला, तोवर शहरात पूल एकच, लंडन ब्रिज. बाकी सगळी ये-जा होडीने. नावाड्यांचे दर १५१४च्या कायद्याने ठरवून दिलेले होते, आपल्या रिक्षाच्या मीटरसारखे (आणि भांडणंही तितकीच होत असणार). काठावर दर थोड्या अंतरावर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. 'प्रॉस्पेक्ट'च्या अगदी अंगाला लागून जो अरुंद बोळ आहे ना, त्या पेलिकन स्टेअर्स. पबचं एक जुनं नाव 'पेलिकन' होतं. पायऱ्यांवर होडी लागली, माणूस उतरला, समोर पब. म्हणजे पायऱ्या हा थांबा आणि पब ही थांब्यावरची टपरी. होडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिवा आणि खिडकी दिसली पाहिजे ती पाण्यातून.

आताचं नावही नदीनेच दिलं. 'प्रॉस्पेक्ट' नावाचं कोळशाचं जहाज होतं, नोंदणी व्हिटबी बंदराची. ते पबशेजारी नांगर टाकून असायचं. लोक म्हणायचे 'त्या प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबीपाशी भेट'. पुढे तेच पबचं नाव झालं. त्याआधी लोक 'डेव्हिल्स टॅव्हर्न' म्हणायचे, इतकी वस्ती वाईट.

आता माझा या धाग्यात रस का, तर आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. पी अँड ओ या इंग्रज बोट कंपनीच्या बोटींवर डेकवरची माणसं आमच्या भागातली पुष्कळ असायची आणि जेवणघरात गोव्याची (काजूबी, तुमची मंडळी). इंग्रज त्यांना सरसकट 'लास्कर' म्हणत. लंडनच्या गोदीत बोट लागली की परतीची बोट मिळेपर्यंत हे लोक थंडीत अक्षरशः रस्त्यावर. त्यांच्यासाठी १८५७ साली लाइमहाउसला 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं. 'प्रॉस्पेक्ट'पासून पूर्वेला चालत गेलात तर पाऊण तासाच्या आतलं अंतर. पणजोबा कधी तिथे राहिले का, कागद नाही. आजी एवढंच सांगायची की ते लंडनबद्दल फक्त दोन शब्द बोलायचे, 'काळं पाणी'. आम्हाला लहानपणी वाटायचं शिक्षेबद्दल बोलतायत. मी पहिल्यांदा टेम्स पाहिली तेव्हा समजलं, रंगाबद्दल बोलत होते.

माजघर
दर्यावर्दी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

काजूबी
आमचे एक आजोबाही बोटीवर बटलर होते. घरात अजून चिनी मातीची एक बशी आहे. कुठून आली ते विचारायचं नसतं.

गवंडीदादा
दर्यावर्दींनी कोळशाचं जहाज काढलं म्हणून एक आवडती गोष्ट सांगतो. लंडनची पिवळट वीट, जिला 'लंडन स्टॉक' म्हणतात, ती हातात घेतलीत तर तिच्यात काळे ठिपके आणि बारीक भोकं दिसतात. ती राख आहे. घराघरांतल्या चुलींमधली कोळशाची राख गोळा करून, चाळून मातीत कालवायचे. भट्टीत गेली की ती राख आतून जळायची, म्हणजे वीट स्वतःचं थोडं सरपण स्वतःच्या पोटात घेऊन भाजायला जायची. मातीत खडू कालवल्यामुळे लाल न होता पिवळी. आता जोडा साखळी. उत्तरेकडून 'प्रॉस्पेक्ट'सारखी जहाजं कोळसा आणणार, शहर तो जाळणार, राख विटेत जाणार, आणि त्या विटांची गोदामं पुन्हा त्याच काठावर.

खवचट_खविस
दादा, पबातल्या तुळया जुन्या जहाजांच्या असतात म्हणे? तिथल्या एका पबात आम्हाला एकाने अर्धा तास सांगितलं. (दुसऱ्या अर्ध्या तासात बिल आमच्याकडे सरकवलं.)

गवंडीदादा
दहातल्या नऊ वेळा थाप. जहाजाची लाकडं वाकडी असतात, घराला सरळ तुळई लागते. लाकडाला खाचा दिसल्या की लोक 'जहाज, जहाज' करतात. ती बहुतेकदा दुसऱ्या घराची उतरवलेली लाकडं असतात, जुन्या वाड्याची तुळई नव्या घराला घालतात तशी.

खरं जहाजाचं लाकूड बघायचं असेल तर हार्टलपूलला जा. 'त्रिंकोमाली' हे नौदलाचं जहाज १८१७ साली मुंबईत बांधलं, वाडियांच्या देखरेखीखाली, सागवानाचं. दोनशे वर्षांनंतरही तरंगतंय.

सांगलीची_मिरची
अवांतर होतंय पण अभिमानाने छाती फुगली.

माझा प्रश्न वेगळा. नदीला इतकं चिकटून घर बांधलं तर पाणी शिरत नाही? आमच्याकडे कृष्णा आली की दोन-तीन दिवस आधी कोयनेच्या विसर्गाचे आकडे बघत बसतो. २००५, २०१९, २०२१, घराच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. यांचं काय?

रीडिंगकर
मिरचीताई, रोज दोनदा शिरायला बघतं! टेम्स इथे भरती-ओहोटीची नदी आहे. लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरतीला पाणी सातेक मीटर वर-खाली होतं. म्हणजे जवळजवळ दोन मजले, सहा तासांत.

माझी फजिती सांगतो. वरच्या अंगाच्या एका पबात (नाव नको) मित्रांबरोबर बसलो होतो, नदीच्या अगदी कडेच्या बाकावर. ऊन, गप्पा, बटाट्याचे काप. पायाला गार लागलं तर वाटलं कुणाचं तरी पेय सांडलं. खाली बघतो तर बूट पाण्यात आणि माझी पिशवी निवांत पबच्या दिशेने निघालेली. तिथली मुलगी दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, भिंतीवर वेळ लिहिलीये की. खरंच लिहिली होती. पासपोर्ट पिशवीत होता. तीन दिवस पुस्तकांच्या चळतीखाली वाळवला, तरी पानं पापडासारखी.

रिचमंडचा 'व्हाइट क्रॉस' तर यासाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या भरतीला समोरचा रस्ताच पाण्याखाली जातो आणि आतले लोक आत अडकतात. तक्रार करणारा मात्र मी अजून पाहिला नाही.

खवचट_खविस
"अगं, यायला उशीर होईल, भरती आहे." हे कारण पुण्यात चालण्यासारखं नाही. हाय रे दुर्दैव.

गवंडीदादा
मिरचीताई, उत्तर बांधकामातच आहे. एक, नदीकडे उंच धक्का, घराची बैठी खोली त्याच्या वर. दोन, खाली दगडी फरशी आणि चुन्यातली भिंत. पाणी आलं, गेलं, झाडून काढलं, वाळलं. चुना ओल धरतो आणि सोडतोही. पुढे कुणी शहाण्याने आतून सिमेंटचा गिलावा केला की ओल कोंडते आणि भिंत आतून कुजते. तुमच्या गावभागातल्या जुन्या घरांचं हेच झालंय, पूर ओसरल्यावर सिमेंटवाल्या खोल्या वर्षभर वाळत नाहीत.

तीन, तळघर. हे खरं दुखणं. इथली पिंपातली बिअर अकरा ते तेरा अंश तापमानाला ठेवतात, म्हणून तळघर लागतंच, आणि नदीकाठचं तळघर म्हणजे ओल आलीच. १९८२पासून टेम्सवर मोठं धरणदार आहे, समुद्रातून पाणी चढायला लागलं की ते बंद करतात. म्हणून हल्ली बरंच बरं आहे.

सांगलीची_मिरची
सिमेंटबद्दल १०१% खरं. आमच्या देवघराची भिंत अजून ओली आहे. आईने त्यावर कॅलेंडर लावलंय.

माजघर
नदीकाठचे पब सगळे असेच दबकट आणि अंधारे नसतात हां. ग्रिनिचचा 'ट्रॅफल्गर टॅव्हर्न' बघा, १८३७चा, जोसेफ के या वास्तुविशारदाने बांधलेला. मोठमोठ्या अर्धगोल फुगीर खिडक्या आणि बिडाचे सज्जे, थेट पाण्यावर. मंत्री लोक तिथे होडीतून बारीक तळलेले मासे खायला यायचे. तिथे मजुराने यावं म्हणून बांधलेलंच नाही. आणि उलट टोक म्हणजे हॅमरस्मिथचा 'डव्ह'. त्यातली एक खोली जगातली सर्वांत लहान बार-खोली म्हणून गिनीजमध्ये गेली होती. साधारण सव्वा मीटर बाय २.४ मीटर. आमच्या फ्लॅटचं देवघर मोठं आहे. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने नमस्कार बाहेरूनच करायचा.

अर्धा_कप
माजघर, मजुराचा विषय काढलात म्हणून. मी कालपासून या कोळशाच्या जहाजांबद्दल वाचत बसले (नाही म्हणता म्हणता धागा लागला की हो). जहाजातून कोळसा उपसणाऱ्या मजुरांना काम मिळायचं ते पबवाल्यामार्फत! पबवाला मुकादम, पगारही पबातच. जो जास्त पिणार त्याला आधी काम. घरी जाताना हातात काय उरत असेल? शेवटी १८४३ साली कायदा करून मजूर भरतीची वेगळी कचेरी काढावी लागली. त्या झिजलेल्या फरशीचं तुम्ही सगळे कौतुक करताय, ती कुणाच्या रांगांनी झिजली तेही लिहा.

दर्यावर्दी
ताई, हे मला माहीत नव्हतं. आणि माझ्या 'होडीवाल्यांचा थांबा' या गोड चित्रापेक्षा हे जास्त खरं वाटतंय.

खवचट_खविस
अर्धा_कपताईंना माझा पूर्ण कप.

आता माझी काडी. तो फाशीचा दोर म्हणजे निव्वळ पर्यटकांसाठीची सोय. सांगतात काय, 'फाशीवाला' न्यायाधीश जेफ्रीज इथे बसून जेवता जेवता फाशी बघायचा. अहो, वॉपिंगच्या एक्झिक्यूशन डॉकवर चाच्यांना फाशी द्यायचे ते नौदल न्यायालयाच्या हुकमाने. जेफ्रीजची कुप्रसिद्ध फाशीसत्रं १६८५ची आणि ती पश्चिमेकडच्या परगण्यांत. वॉपिंगशी त्याचा पक्का संबंध एवढाच की १६८८ साली राजा पळाल्यावर हाही खलाशाच्या वेशात पळत होता आणि इथल्या एका दारूच्या दुकानात पकडला गेला. म्हणजे तो इथे फाशी बघायला नव्हे, स्वतःची चुकवायला आला होता.

पडवीतला
हाहा! भाऊ म्हणतो, दोर बरोबर आहे, फक्त पाटी चुकीची.

माजघर
पण एक्झिक्यूशन डॉक खरंच होतं ना जवळपास?

दर्यावर्दी
होतं. चाचेगिरीसाठी गाजलेल्या कॅप्टन किडला १७०१ साली तिथेच फाशी दिलं. ओहोटीच्या रेषेशी खांब, आणि प्रेतावरून तीन भरत्या जाऊ द्यायच्या असा रिवाज. शेवटची फाशी १८३०ची. नेमकी जागा कोणती यावर तिथल्या पबांमध्ये अजून भांडण चालू आहे, प्रत्येकाला ती आपल्या दारात हवी.

आबा_बेळगावकर
सगळा धागा वाचला. तुम्ही मंडळी 'खरा जुना की खोटा जुना' यात अडकलात. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो. कळस नवा, मंडप नवा, गाभाऱ्यात संगमरवर, दरवाज्याला चांदीचा पत्रा, बाहेर ऑइलपेंट. तरी आपण म्हणतो, देऊळ आठशे वर्षांचं. कुणी पुजाऱ्याला म्हणतं का, फरशी किती सालची दाखवा? जागा तीच, दर्शन तेच, म्हणून देऊळ जुनं. मग या पबवाल्यानेच काय घोडं मारलंय?

गवंडीदादा
आबा, मुद्दा मान्य, पण अर्धाच. ऑइलपेंटवर माझा राग आहे म्हणून बोलतो. जीर्णोद्धारात नव्याला नवं म्हणायची पद्धतही होती. पायरीवर शिलालेख, अमुक शके, अमुक पाटलाने सभामंडप बांधला. इथेही मला तेवढंच हवं. 'इथे पब १५२०पासून असल्याचं सांगतात, आग लागली, घर नंतरचं, लाकूडकाम बरंचसं विसाव्या शतकातलं' अशी पाटी लावा, मी स्वतः रंगवून देतो.

बाकी हा पब इथल्या सरकारी संरक्षित इमारतींच्या यादीत 'ग्रेड टू' दर्जाचा आहे. यादीतल्या दहापैकी नऊ इमारती याच दर्जाच्या, पण संरक्षण आतूनही असतं. उद्या मालकाला तो काउंटर काढायचा झाला तर परवानगी लागेल. वरचा पत्रा प्युटरचा, म्हणजे मुख्यतः कथील. पूर्वी अशा पत्र्याचे काउंटर पुष्कळ पबांत होते, आता मोजकेच.

आबा_बेळगावकर
अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक वाचता वाचताच निघून जाईल. पण चालेल.

रीडिंगकर
पडवीतला, पुढच्या वेळी एक करा. वॉपिंग स्टेशनवरून गाडीने एकच थांबा दक्षिणेला, रॉदरहाइद. ती गाडी ज्या बोगद्यातून जाते तो ब्रुनेल या इंजिनिअर बापलेकांचा, १८४३चा, नदीखालचा. बाहेर आलात की दोन मिनिटांवर 'मेफ्लॉवर'. ते घर साधारण १७८०चं, नाव १९५७ साली दिलेलं, पण १६२० साली इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेला नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाचा कप्तान समोरच्या चर्चच्या आवारात पुरलाय. मागे पाण्यावर लाकडी फळ्यांचा मांडव आहे. भरतीच्या वेळी फळ्यांच्या फटींतून पाणी बघता येतं. पिशवी मांडीवर ठेवा.

पडवीतला
अपडेट. भाऊ काल परत गेला, पण त्याआधी शनिवारी पुन्हा गेलो होतो. या वेळी तक्ता बघून, पूर्ण ओहोटीला. पेलिकन स्टेअर्सवरून जपून उतरलो, खालच्या पायऱ्या शेवाळाने भयंकर निसरड्या आहेत. खाली गोटे, विटांचे तुकडे, गंजके खिळे. उचललं काही नाही, तिथे शोधाशोध करायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. पण एक पिवळी वीट वाकून पाहिली. दादा, काळे ठिपके आहेत!

खालून वर बघितलं तेव्हा पहिल्यांदा पब मला पूर्ण दिसला. होडीवाल्याला दिसायचा तसा. खिडक्या सगळ्या आपल्याकडे बघतायत असं वाटतं. रस्त्याकडचं ते दबकं घर आणि हे एकच आहे हे सांगूनही पटणार नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिखलात उभं राहून मिळालं. पहिल्याचं तुम्ही दिलंत.

भाऊ मात्र धक्क्याची भिंत बघत होता. डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत हिरवं शेवाळ, मग एक सरळ रेघ, वर कोरडं. त्याने विचारलं, "ही कितव्या सालची?" म्हटलं, आज सकाळची. त्याने फोन काढला, रेघेचा फोटो घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

सांगलीची_मिरची
तो फोटो आमच्याही ग्रुपवर फिरत आलाय. खाली लिहिलंय, 'कोयनेतून विसर्ग सुरू'.